चपटी लेन्स आणि तीन बोटं

पॅनकेक लेन्स घेण्यासारखी असते का, हे मला आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतं. नवा कॅमेरा घेतलेली पोरं विचारतात, लग्नातले हौशी काका विचारतात. एका शब्दात सांगायचं तर घ्या. पण त्या एका शब्दामागे एका माणसाची तीन बोटं आहेत आणि ती मी मोडली आहेत. पॅनकेकने नाही मोडली. मोठ्या लेन्सने मोडली, दीड किलोच्या. पॅनकेकने फक्त बघितलं.

माहीत नसेल तर सांगतो. पॅनकेक म्हणजे एकदम चपटी लेन्स. दोन बोटंसुद्धा जाडी नाही. कॅमेऱ्याला लावली तरी लांबून वाटतं की लेन्स काढून नुसतं झाकण बसवलंय. हिला झूम नाही. जवळचं पाहिजे तर स्वतः चालत जवळ जायचं, जास्त पाहिजे तर मागे सरकायचं. माझे वडील मालवणकडचे. त्यांनी ती पहिल्यांदा बघितली तेव्हा म्हणाले, "ह्यां काय घावन लावलंस रे?" आमच्याकडचं तांदळाचं पातळ धिरडं ते; तेव्हापासून आमच्या घरात तिचं नाव घावन.

ती मला दिली खालच्या मजल्यावरच्या मित्राने. चारकोपला आम्ही एकाच सोसायटीत वाढलो, तो तळमजल्याला आणि मी बरोबर त्याच्या डोक्यावर. माझी आई लवकर गेली, त्यामुळे माझं निम्मं जेवण त्याच्या आईच्या हातचं. तो बोरिवलीला एका गाळ्यात बसून कॅमेरे आणि लेन्स दुरुस्त करायचा. लेन्समधले स्क्रू तांदळाच्या कणीपेक्षा बारीक असतात. ते तो माझ्याशी गप्पा मारत, माझ्या तोंडाकडे बघत काढायचा, नुसत्या बोटांच्या अंदाजाने. ही लेन्स कुणीतरी बुरशी लागली म्हणून त्याच्याकडे टाकून गेलं होतं. त्याने ती पूर्ण उघडली, एकेक काच पुसली आणि माझ्या चाळिसाव्या वाढदिवसाला माझ्या हातावर ठेवली.

"ही लेन्स आहे की सोड्याच्या बाटलीचं झाकण?" मी म्हटलं.

"वापरून तर बघ. खिशात मावते."

"झूम नाही, यार. हिचं मी करू काय?"

"झूम नाही तेच बरंय तुला," तो म्हणाला. "तुला काय, जे बघायचं तेवढंच ओढून घेतोस. बाकीचं गेलं उडत. हिच्यात तसं चालत नाही. समोर असेल ते सगळं येणार."

मी हसण्यावारी नेलं. मी लग्नं करतो, म्हणजे दुसऱ्यांची. आमच्या धंद्यात लेन्स जितकी लांब तितका फोटोग्राफर मोठा, निदान वऱ्हाडाच्या नजरेत तरी. तरी पण वाढदिवसाची भेट म्हणून मुलुंडला एका हळदीत ती लावली. नवऱ्याचा काका सगळ्यांसमोर ओरडला, "अहो, झाकण काढा की! मगाचपासून झाकण लावून फोटो काढतोय हा!" सगळा मांडव हसला. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी त्याच्या कुर्त्याची गळपट्टी धरून त्याला तिथेच गदागदा हलवला. कुर्ता बेंबीपर्यंत टरकला. त्याचं डोकं मागच्या खांबावर आपटलं तेव्हा हळकुंडं दळणाऱ्या बायका किंचाळत उठल्या. ते काम गेलंच, त्या घरातली पुढची दोन लग्नंही गेली. घरी येऊन मी लेन्स ड्रॉवरमध्ये फेकली.

माझं डोकं आधीपासून असंच आहे. वडिलांकडून आलंय. गिरणी बंद पडली त्या वर्षांत ते मला पट्ट्याने मारायचे. पट्टा तोंडावर बसू नये म्हणून मी कोपर वर करून आडवं धरायचो. मग मी मोठा झालो आणि दुसऱ्यांना मारायला लागलो. सिग्नलवर मारलंय, नाक्यावर मारलंय, एकदा तर माझ्याच साखरपुड्यात केटररच्या माणसाच्या कानाखाली आवाज काढलाय. दरवेळी माझ्याकडे कारण असायचं आणि दरवेळी ते मला बरोबर वाटायचं.

आता मुख्य गोष्ट. आमची बिल्डिंग पाडून नवीन बांधायचं निघालं आणि सोसायटीत दोन तट पडले. माझे वडील एका बाजूला, म्हणजे पाडायचंच नाही. ही खोली त्यांनी गिरणीतून सुटताना मिळालेल्या पैशातून घेतलेली. "मी मेल्यार काय ता पाडा," हे त्यांचं एकच उत्तर. मित्र दुसऱ्या बाजूला, आणि त्या बाजूचा पुढारीच तो. त्याच्या तळमजल्याच्या भिंती बारा महिने ओल्या, आईला दमा, रात्रभर बिचारी उशीला टेकून बसून असायची. चूक कुणाचीच नव्हती. पण मी बापाच्या बाजूने उभा राहिलो, आणि उभा राहिलो म्हणजे जिन्यात भेटला तरी त्याच्याशी बोलायचं बंद केलं. दोन महिने.

अशा निर्णयाची सभा असली की सगळ्या सभेचं व्हिडिओ शूटिंग करावं लागतं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. नियमच आहे. बिल्डिंगमध्ये घरचा फोटोग्राफर असताना बाहेरचा कोण आणणार? सेक्रेटरी म्हणाले, तूच कर. मी दोन कॅमेरे घेतले. एक हातात, मोठी लेन्स लावून, बोलणाऱ्यांचे चेहरे घ्यायला. दुसरा कोपऱ्यात स्टँडवर, सगळं आवार एका फ्रेममध्ये यावं म्हणून. त्याच्यासाठी रुंद लेन्स पाहिजे होती, म्हणून ड्रॉवरमधली घावन काढून लावली, सुरू केली आणि विसरून गेलो.

रविवारी सकाळी दहाला आवारात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून सभा सुरू झाली. साडेदहापर्यंत सगळे "अध्यक्षमहोदय" करत होते. मग हात वर करायची वेळ आली आणि मागून कुणीतरी ओरडलं, "एका म्हाताऱ्यामुळे चाळीस घरं लटकलीत!" वडील काठी टेकत उठले आणि त्यांनी ओरडणाऱ्याच्या आईचा उद्धार केला. झालं. वाट लागली. एक खुर्ची हवेतून आली आणि सेक्रेटरींच्या टेबलावर आपटली. दुसऱ्या मजल्यावरच्या दोघा सख्ख्या भावांनी एकमेकांच्या झिंज्या धरल्या. माइक हिसकावून कुणीतरी कुणाच्यातरी टाळक्यात घातला, तो आवाज स्पीकरमधून सगळ्या सेक्टरला ऐकू गेला. एका बाईच्या कपाळातून रक्ताची धार लागली आणि ती तशीच चप्पल काढून मारत सुटली. ज्यांच्या घरी आपण गणपतीत आरतीला जातो ती माणसं, हो! सेक्रेटरी टेबलाखालून ओरडत होते, "कॅमेरा बंद! आधी कॅमेरा बंद करा!"

मी हातातला बंद केला. स्टँडवरच्याकडे कुणी ढुंकून बघितलं नाही. झाकण लावलेला कॅमेरा बंद करायला कोण जाईल?

तेवढ्यात वडिलांची किंकाळी आली. मी वळलो. वडील जमिनीवर, पाय वेडावाकडा, आणि त्यांच्या अंगावर वाकलेला माझा मित्र. त्याच्या मुठीत वडिलांचा शर्ट. मला एवढंच दिसलं आणि एवढं पुरे झालं.

पहिला ठोसा मी त्याच्या तोंडावर घातला. ओठ फाटला, माझ्या हाताला त्याचा दात लागला. तो मागे बसला आणि म्हणाला, "अरे ऐक. ऐक ना रे." मी पोटात लाथ घातली. तो "ऐक ना, ऐक ना" म्हणतच होता. उठायला म्हणून त्याने उजवा हात टेबलाच्या कडेवर ठेवला. माझ्या हातात कॅमेरा होता, मोठ्या लेन्सला धरलेला. मी ती लेन्स त्याच्या बोटांवर आणली. शेवग्याची शेंग मोडावी तसा आवाज झाला. मग मी परत मारलं. पहिल्यांदा रागात मारलं होतं. दुसऱ्यांदा नीट बघून मारलं, कुठे लागलं की त्याचा धंदा बसेल ते मला माहीत होतं.

वडिलांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारलं, आजोबा कसे पडलात, तर वडील म्हणाले, "तेनां माका ढकलल्यान." मी तिथूनच पोलीस चौकीत गेलो आणि फिर्याद दिली. मित्राला संध्याकाळी, मोडलेल्या बोटांत डॉक्टरांनी तारा घातलेल्या अवस्थेत चौकीत बसवून ठेवलं, दुसऱ्या दिवशी जामिनावर सोडलं. त्याने माझ्याविरुद्ध एक शब्द लिहून दिला नाही. मी सगळ्यांना सांगत फिरलो की बघा, चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. त्या आठवड्यात मी पोटभर जेवलो आणि गाढ झोपलो.

चौथ्या दिवशी त्याची आई जिना चढून वर आली. धाप लागली होती, दाराची चौकट धरून उभी राहिली. "रे बाबा," ती म्हणाली, "माझ्या पोराने त्यांना ढकललं ते तू तुझ्या डोळ्यांनी बघितलंस ना?"

"बघितलं, काकी."

"मग ठीक आहे," म्हणाली आणि खाली गेली. पाणीसुद्धा मागितलं नाही.

दहा दिवसांनी वडील घरी आले आणि त्याच दुपारी चौकीतून फोन आला की सभेचं रेकॉर्डिंग आणून द्या. मोठ्या लेन्सच्या कॅमेऱ्यात वडील पडतानाचं काहीच नव्हतं, त्याच्या आधीच तो बंद केलेला. म्हणून मी दुसऱ्याचं कार्ड काढून लॅपटॉपला लावलं. मला वाटलं होतं गोंधळात कुणीतरी तोही बंद केला असेल, म्हणजे साडेदहापर्यंतच असेल. पण ते बारा वाजेपर्यंत होतं, बॅटरी संपेपर्यंत.

सगळं होतं त्यात. उडालेली खुर्ची, ते भाऊ, टेबलाखालचे सेक्रेटरी. आणि डाव्या बाजूला, जरा लहान पण स्वच्छ, माझे वडील. मित्र त्यांच्यासमोर उभा, दोन्ही हात खाली, काहीतरी समजावतोय. वडिलांनी काठी उचलली आणि त्याच्या डोक्यात घालायला गेले. तो मागे सरकला, काठी हुकली. वडील स्वतःच्याच जोराने गर्रकन फिरले, पाय खुर्चीत अडकला आणि कोसळले. मित्राने झेप घेऊन त्यांचा शर्ट धरला. खाली पायरीची धार होती आणि डोकं त्या धारेपासून वीतभर लांब थांबलं. तेव्हा उजवीकडून एक रुंद पाठ फ्रेममध्ये आली. पुढचं मला बघवेना, तरी मी बघितलं.

मी तो तुकडा मोठा करून बघितला. हळू करून बघितला. एकेक फ्रेम पुढे ढकलत बघितली. कुठेतरी त्याने ढकललेलं असेल, निदान धक्का लागलेला असेल, असं काहीतरी मी शोधत होतो. नव्हतं. मग माझं बोट कार्ड पुसायच्या बटणावर गेलं. कार्ड एकच. दुसरी कॉपी नाही. कुणाला ठाऊकसुद्धा नाही की तो कॅमेरा चालू होता. खरंच सांगतो, मी बराच वेळ तसा बसलो होतो.

मग उठून आत गेलो. वडील पलंगावर, पायाला वजन बांधलेलं.

"बाबा, त्याने तुम्हाला ढकललं?"

"ढकलल्यान."

"मी बघितलंय. सगळं आलंय."

"घावनात?"

"घावनात."

"मगे पुसून टाक," ते म्हणाले. आवाज जरासुद्धा हलला नाही. "तो भितर गेलो तर सभा परत होवची नाय. घर रवतला."

मला आठवत नाही मी काय ओरडलो. ह्या माणसासाठी मी माझ्या मित्राची बोटं फोडली! माझा हात वर गेला, पूर्ण वर गेला, आणि तो खाली आला असता तर म्हाताऱ्याचं नाक जागेवर राहिलं नसतं. तेव्हा त्यांनी कोपर वर केलं. तोंडासमोर आडवं धरलं आणि डोळे घट्ट मिटले. लहानपणी मी करायचो तसं, अगदी तसंच. पंचाहत्तरीचा माणूस, पलंगाला बांधलेला. मी भिंतीवर हात आपटला, पोपडे पडले, आणि मोरीत जाऊन ओकलो.

तोंड धुतलं, कार्ड खिशात घातलं आणि खाली गेलो. दार त्यानेच उघडलं, डाव्या हाताने. उजव्याला कोपरापर्यंत प्लास्टर, तीन बोटांतून तारांची टोकं बाहेर आलेली. ओठावरची टाक्यांची रेघ अजून काळी होती.

"व्हिडिओ आहे," मी म्हटलं.

"माहितीये."

"काय माहितीये तुला?"

"लाल दिवा चालू होता. तू मला खाली पाडलंस तेव्हा बरोबर माझ्या समोर होता."

"मग चौकीत बोलला का नाहीस, भडव्या? दहा दिवस!"

"बोललो असतो तर पोलीस वर येईपर्यंत तू पुसून मोकळा झाला असतास," तो म्हणाला. "तुला ओळखत नाही होय मी? म्हटलं, गप्प बसू. बघेल तेव्हा बघेल. मग पुसेल नाहीतर येईल."

मला रडू फुटलं. दारात उभा राहून लहान पोरासारखा हुंदके देत होतो मी. त्याने सणसणीत एक कानाखाली ठेवून दिली. डाव्या हाताची होती म्हणून नीट बसली नाही, गालाऐवजी कानावर बसली. "रडतोस काय साल्या," तो म्हणाला. "चप्पल घाल. चल." आतून त्याच्या आईचा खोकला ऐकू येत होता. ती बाहेर आली नाही.

चौकीत साहेबांनी व्हिडिओ दोनदा बघितला. तिसऱ्यांदा त्यांनी त्या रुंद पाठीवर थांबवला. "हा मारणारा कोण? चेहरा दिसत नाही ह्याचा."

खरंच दिसत नव्हता. नुसती पाठ आणि निळा शर्ट, हातातला कॅमेरासुद्धा पाठीआड, आणि निळे शर्ट त्या दिवशी आवारात पाचसहा तरी होते. मित्र टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होता.

"मी," मी म्हटलं.

"तुम्ही? फिर्यादी तुम्हीच ना?"

"हो. फिर्याद खोटी आहे. मारणारा मी."

साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता हा उठून मला फोडतो. फोडला असता तर बरं झालं असतं. पण त्यांनी नुसता कागद ओढला आणि लिहायला घेतलं. माझा जबाब झाला, मी सही केली. मग मित्राचा झाला. साहेबांनी कागद फिरवून त्याच्यापुढे सरकवला आणि पेन दिलं. त्याने पेन डाव्या हातात धरलं. एक रेघ ओढली, ती घसरत खाली गेली. परत प्रयत्न केला. पेन निसटून टेबलाखाली पडलं. ते मी वाकून उचललं आणि त्याच्या हातात द्यायला गेलो, तर त्याने नको म्हणून मान हलवली.

साहेबांनी शाईचं पॅड पुढे केलं. "राहू दे. अंगठा द्या."

त्याने डावा अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर दाबला. मग शाई पुसायला त्याने खिशातून एक फडकं काढलं. लेन्सच्या काचा पुसायचं ते पिवळं फडकं होतं.